पारख्याचे ऋण

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी चौरंगावर काय मांडायचे, हे वर्षानुवर्षे ठरलेले आहे. आईच्या वेळचा चांदीचा रुपया, सौभाग्यवतीच्या पाटल्या, बँकेचे पासबुक, नवी केरसुणी आणि लाह्या-बत्ताशांची वाटी. गेल्या वर्षी आमच्या नातीने या यादीत एका वस्तूची भर घातली. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातून तिने माझा निळा दगड उचलला आणि पासबुकाशेजारी नेऊन ठेवला.

"अगं, दगड आहे तो," तिची आजी म्हणाली.

"असू दे. घरातली सगळ्यांत सुंदर वस्तू तीच आहे," असे म्हणून नात माझ्याकडे वळली. "आबा, याची किंमत किती?"

निरांजन लावायचे होते, फटाक्यांसाठी मुले खोळंबली होती. "नंतर सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. ते 'नंतर' वर्षभर राहून गेले. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. दगड ओळखणे हाच माझा जन्मभराचा धंदा. तीस वर्षांहून अधिक काळ नागपुरातल्या एका महाविद्यालयात मी भूविज्ञान शिकवले. निवृत्तीनंतरही लोक पिशवीत, रुमालात, कधी डब्यात दगड घेऊन दारी येतात. त्यांचे प्रश्न दोनच असतात. हे काय आहे? आणि याचे किती येतील? पहिला प्रश्न शास्त्राचा, दुसरा बाजाराचा. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न दडलेला असतो आणि तो बहुधा कोणी विचारीत नाही. ज्याला ओळखता येते तो माणूस, ज्याला ओळखता येत नाही त्याचे काय देणे लागतो?

हा प्रश्न मला दोन दगडांनी विचारला. एक पुण्याजवळचा, एक रामटेकजवळचा. ही दोन ठिकाणे एकमेकांपासून दूर खरी, पण भूविज्ञानाच्या नकाशात आमचे नागपूर या दोहोंच्या सांध्यावर बसले आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची. तिथून पश्चिमेला निघालात तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतून तयार झालेला तोच काळा दगड थेट सह्याद्रीपर्यंत पोचतो. पूर्वेला आणि उत्तरेला वळलात तर त्याहून कितीतरी पटींनी प्राचीन असे खडक लागतात आणि रामटेक-मनसरकडे त्यांत मँगनीज सापडते.

पहिला दगड पश्चिमेकडचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. पुढे त्यांतून ऊन पाणी झिरपते, त्यात विरघळलेले सिलिका, चुना वगैरे पदार्थ आत साकळतात आणि ओबडधोबड काळ्या दगडाच्या पोटात पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांची दिवाळी मांडली जाते. आपल्या महाराष्ट्राचे हे वैभव जगभरच्या संग्रहालयांत पोचले आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते कोणालाही पाहता येईल. या मेळाव्यातला एक पाहुणा फार दुर्मीळ, तो म्हणजे कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून केलेले हे नाव. १९६७ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात तो प्रथम सापडला आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तिथे त्याचे स्फटिक अगदी चिमुकले. पण पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्यावर वाघोलीच्या दगडखाणींत हाच कॅव्हन्साइट गर्द निळ्या, सुयांच्या गोल गुच्छांच्या रूपात निघू लागला आणि जगाचे डोळे दिपले. पांढऱ्या स्टिल्बाइटवर तो बसलेला असला म्हणजे वाटते, कोणी नुकत्याच धुतलेल्या चादरीवर निळी शेवंती ठेवली आहे.

तो ओळखायचा कसा? निळा रंग पाहून नवखा माणूस तांब्याचे खनिज म्हणून मोकळा होतो. परंतु तांब्याचे निळे ॲझुराइट आम्लाच्या थेंबाने फसफसते, हा फसफसत नाही. हा मऊ असतो, तांब्याच्या नाण्याने ओरखडा पडेल न पडेल असा. त्यामुळे दागिन्यात घालायच्या फारसा उपयोगाचा नाही. रसायन अगदी तेच, पण अणूंची रचना वेगळी, असा त्याचा एक भाऊही वाघोलीला सापडतो, पेंटागोनाइट. आणि किंमत? ती ठरते रंगाच्या गडदपणावर, गुच्छ अखंड असण्यावर, खालच्या पांढऱ्या बैठकीवर, आणि आणखी एका गोष्टीवर: नमुना कुठून आला, कोणाकडून आला, याची चिठ्ठी त्याच्याबरोबर आहे की नाही. चिठ्ठी नसलेला दगड संग्राहकांच्या जगात पोरका समजला जातो.

१९८९ च्या हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन वाघोलीला गेलो होतो. सुरुंग नुकताच उडाला होता. मजूर घण मारून मोठे धोंडे फोडीत होते. दुपारच्या सुट्टीत एक मजूर भाकरीचे फडके सोडायच्या आधी माझ्याकडे आला. त्याच्या हातात मुठीएवढा तुकडा होता. पांढऱ्या स्फटिकांवर निळे गुच्छ, सात. एकही मोडलेला नव्हता. मी खिशातून पन्नास रुपयांची नोट काढून त्याला दिली. तो खूश झाला, मीही खूश झालो. तो निळा दगड म्हणजे हाच. पुढे काही वर्षांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने तो माझ्या घरी पाहिला आणि उभ्या उभ्या चाळीस हजार रुपये देऊ केले. मी दिला नाही. मला अभिमान वाटला. त्याच रात्री केव्हातरी थोडी लाजही वाटली, पण ती मी झोपेत घालवली.

ही लाज घालवण्यासाठी लागणारा युक्तिवाद सुशिक्षित माणसाजवळ नेहमी तयार असतो. माझ्याजवळ तीन मुद्दे होते. मी तो घेतला नसता तर तो खडीच्या यंत्रात जाऊन कुठल्यातरी रस्त्याखाली गाडला गेला असता, म्हणजे मी त्याला वाचवले. दुसरे, ओळखण्याची विद्या मला फुकट मिळाली नव्हती, तिच्यासाठी मी वर्षे घालवली होती. विद्येचे फळ विद्यावंताला मिळावे यात गैर काय? तिसरे, त्या मजुराने पन्नास रुपये आनंदाने घेतले. राजी-खुशीच्या सौद्यात अन्याय कसा असेल?

माझे एक वकील मित्र याला चौथा मुद्दा जोडीत. "सीताबर्डीच्या फुटपाथवर तुला शंभर वर्षांपूर्वीची दुर्मीळ पोथी वीस रुपयांत मिळाली, तर तू विकणाऱ्याला थांबवून म्हणशील का, की बाबा रे, ही दोन हजारांची आहे?" म्हणणार नाही, हे मला कबूल करावे लागे.

प्रश्न काही नवा नाही. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो विचारतो, एखादा माणूस पितळेसारखा धातू समजून सोने विकायला बसला असेल, तर भल्या माणसाने त्याला ते सोने आहे असे सांगावे, की हजार नाण्यांचा माल एका नाण्याला घेऊन घरी जावे? याचे उत्तर जुन्या तत्त्वज्ञांतही एकमताने आले नव्हते. काहींचे म्हणणे असे की न सांगणे आणि फसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मलाही हे मत फार सोयीचे वाटले. आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार नावाचा वाणी आहे. जाजली नावाच्या तपस्व्याला धर्म शिकण्यासाठी त्याच्या दुकानावर जावे लागले, कारण त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता. तुलाधाराची आठवण मात्र मी त्या दिवसांत टाळीत असे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. वाघोलीचा प्रसंग वर सांगताना मी त्यातले एक वाक्य गाळले आहे. गेली कित्येक वर्षे, कोणालाही सांगताना, मी ते असेच गाळीत आलो. त्या मजुराने दगड पुढे केला तेव्हा तो आधी म्हणाला होता, "साहेब, तुम्ही शिकलेले. हे काय आहे?" आणि मी म्हणालो होतो, "काही नाही, रंगीत दगड आहे."

एवढे एक वाक्य परत जागेवर ठेवले की चारही मुद्दे कोसळतात. फुटपाथवरचा विक्रेता पुस्तकांचाच धंदा करतो. किंमत त्याने लावलेली असते, आणि पोथी काय आहे हे तो मला विचारीत नाही. या माणसाने किंमत सांगितली नव्हती. तो विकायलाही आला नव्हता. तो विचारायला आला होता. माझी विद्या ही वर्षांच्या कष्टांनी मिळालेली होती हे खरे, आणि तिचे मोल मागण्याचा मला हक्कही होता. डॉक्टर तपासणीची फी घेतो, ती रोग्याला सांगून घेतो. रोग्याच्या अज्ञानातून गुपचूप काढून घेत नाही. मी फी मागितली असती तर ती कमाई झाली असती. मी जे घेतले त्याला नाव दुसरे आहे. न सांगणे आणि फसवणे यांत कदाचित अंतर असेल, पण समोरचा विश्वासाने विचारतो त्या क्षणी ते अंतर नाहीसे होते.

हे सगळे मला कळायला दुसरा दगड दारात यावा लागला.

यंदा दसऱ्याच्या आधी रामटेककडची एक बाई आमच्याकडे आली. पदराच्या गाठीत बांधलेला, काळपट किरमिजी खडे रुतलेला पांढरा तुकडा तिने टेबलावर ठेवला. तिचा आजा मँगनीजच्या खाणीत कामाला होता. त्याने तो घरच्या देव्हाऱ्यामागे जपून ठेवला होता. मोबाइलवर कोणीतरी तिला दाखवले होते की असले दगड लाखांना जातात.

"मास्तर, हे काय हाये जी? अन् याचे किती येतीन? पोरीची नर्सिंगची फी भरा लागते."

तोच प्रश्न. या वेळी मी तिची परवानगी घेऊन एक लहान कपची काढली आणि जुन्या विभागात जाऊन तिची काच करवून घेतली. दगड घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीचा केला की त्यातून प्रकाश आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाखाली खड्यातल्या चिरांच्या दोन ओळी एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदताना दिसल्या. म्हणजे ते पायरॉक्सीन गटातले सिलिकेट. मग खालून ध्रुवित प्रकाश सोडून मी तबकडी फिरवली. गुलाबी खडा फिरता फिरता जांभळट झाला आणि मग आकाशासारखा निळा. माझ्या तोंडून नाव निघून गेले: ब्लॅनफर्डाइट!

या नावामागे मोठी कहाणी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लुइस फर्मोर नावाचा तरुण भूवैज्ञानिक मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या खाणी पालथ्या घालीत होता. १९०९ साली त्याने हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या एका खडकाला त्याने गोंडांवरून गोंडाइट हे नाव दिले आणि आमच्या जंगलांतल्या लोकांचे नाव जगाच्या भूविज्ञानात कायमचे गेले. रामटेक तालुक्यातल्या काचुरवाहीला त्याला हे रंग बदलणारे खनिज मिळाले. भारतीय भूविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, विल्यम ब्लॅनफर्ड, त्यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ठेवले गेले. काचुरवाही हे त्याचे मूळ ठिकाण म्हणून पुस्तकांत नोंदले गेले.

परंतु १९८८ साली आंतरराष्ट्रीय खनिजवैज्ञानिक संघटनेच्या समितीने पायरॉक्सीन गटाची नावे नव्याने लावली. वीस नावे ठेवली आणि एकशे पाच काढून टाकली. काढलेल्यांत ब्लॅनफर्डाइट होते. ते स्वतंत्र खनिज नाही, मँगनीज असलेले इजिरिन-ऑजाइट आहे, असा निर्णय झाला. निर्णय शास्त्राला धरून आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. नाव गेले म्हणून खड्याचा गुलाबी रंग निळा व्हायचा थांबला नाही. पण बाजार रंगापेक्षा नावाला पैसे मोजतो, आणि असले बारीक, काळपट खडे कपाटात ठेवायला घेणारे गिऱ्हाईक विरळा.

आठवड्याने बाई आली. मी तिला सारे खरे सांगितले. दगड कोणता, कुठला, त्याला बाजारात किंमत का नाही. तिला विभागात नेऊन सूक्ष्मदर्शकातूनही दाखवले. ती बराच वेळ डोळा लावून होती. गुलाबीचे निळे होताना तिने "अवो माय!" म्हटले. मग डोळा काढून शांतपणे म्हणाली, "म्हंजे फीच्या कामाचा नाही हा."

"नाही," मी म्हणालो.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतीला हा प्रसंग सांगितला. आपण किती सरळ वागलो, असा सूर माझ्या बोलण्यात असावा. ती निवडत असलेल्या मेथीवरून नजर न काढता म्हणाली, "आज खरे बोलायला तुम्हांला काही पडले नाही. वाघोलीला पडले असते."

गाळलेले वाक्य घरात एकट्या तिला ठाऊक होते.

त्या रात्री मी नीट झोपलो नाही. सत्य बोलल्याने माझे चाळीस हजार जात होते तेव्हा मी गप्प बसलो आणि परक्या बाईची आशा जात होती तेव्हा मला सत्य सहज सुचले. मी सत्याला भीत नव्हतो आणि मानीतही नव्हतो. त्याचे बिल कोणाच्या नावे फाटते एवढेच पाहत होतो. पारखी माणसाची परीक्षा दगड ओळखण्यात होत नाही, ती इथे होते.

सकाळी आणखी एक मोह झाला. बाईला बोलावून सांगावे, दगड मी पाच हजारांना घेतो. तिचे काम होईल, माझे मन हलके होईल. पण तेही खोटेच झाले असते. वाघोलीला मी किंमत लपवली, इथे नसलेली किंमत लावली असती. आणि उद्या तिच्या शब्दावर गावातली आणखी चार माणसे दगड वेचत फिरली असती. शेवटी मी तिला फोन करून सांगितले, "दगडाचे पैसे नाहीत. पण लेकीच्या पहिल्या हप्त्याला आम्ही हातभार लावू शकतो. ही दोन वेगळी कामे आहेत."

ती येऊन गेली. पैसे तिने उसने म्हणून घेतले. "वापस करीन जी, सालभरात," असे दोनदा बजावले. दगड टेबलावरच होता. मी विचारले, विभागाला देता का, विद्यार्थ्यांना दाखवायला? तिने तो परत पदरात बांधला. "कपची ठेवा तुमच्यापाशी. गोटा आज्याचा हाये, मी घरीच ठेवतो. पोरीले सांगीन, आपल्या काचुरवाहीचं नाव पुस्तकात हाये म्हणून." बाजारात ज्याला किंमत नव्हती, तो दगड तिने आणला त्याहून अधिक जपून नेला.

तिच्याशी माझा हिशेब मिटला. वाघोलीचा कसा मिटवावा? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रत्नांच्या परीक्षेवर एक प्रकरणच आहे. पण मला हल्ली त्यातला दुसरा एक नियम आठवतो. खाण, रत्न किंवा पुरलेला ठेवा सापडल्याची खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा मिळावा, आणि तो पगारी नोकर असेल तर बारावा. राजाचा हक्क राखण्यात कौटिल्याइतका काटेकोर माणूस नसेल. त्यालाही वाटले, की ज्याच्या हाताला रत्न लागले त्याचा त्यात काहीतरी वाटा आहे, मग तो दुसऱ्याचा नोकर का असेना. खाण मालकाची होती, दगडावर त्या मजुराचा कायदेशीर हक्क नव्हता, हा माझा पाचवा मुद्दा होऊ शकला असता. कौटिल्याने तो आधीच खोडून ठेवला आहे. चाळीस हजारांचा बारावा हिस्सा तीन हजार तीनशे तेहतीस रुपये होतो. मी पन्नास दिले.

काही वर्षांपूर्वी पुण्याला गेलो असताना रिक्षा करून मी वाघोलीला जाऊन आलो. आता ते गाव पुणे महानगरपालिकेत आले आहे. उंच इमारतींमधून मी बराच वेळ फिरलो. मी कोणाला शोधत होतो? त्या माणसाचे नाव मला ठाऊक नाही. सात गुच्छांचा रंग, आकार, बैठक, सारे मी त्या दिवशी वहीत टिपले होते. नाव विचारायचे राहिले. काही कर्जे अशी असतात, की सावकाराचा पत्ताच ऋणकोजवळ नसतो. दगड विकून ते पैसे एखाद्या चांगल्या कामाला द्यावेत, हे करता येईल आणि वाईट होणार नाही. परंतु एकाचे देणे दुसऱ्याला दिल्याने ते फिटत नाही, एवढे स्वतःला सांगूनच ते करावे. तूर्त मी असे ठरवले आहे, की माझ्यामागे तो दगड विभागाच्या कपाटात जावा आणि भूविज्ञान शिकणाऱ्या मुलांनी तो पाहावा. मात्र चिठ्ठीसकट.

जुन्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिले होते: 'कॅव्हन्साइट, स्टिल्बाइटवर. वाघोली, १९८९. संग्राहक स्वतः.' गेल्या आठवड्यात मी नवी चिठ्ठी लिहिली: 'कॅव्हन्साइट, स्टिल्बाइटवर. वाघोली, १९८९. एका खाणमजुराला सापडला. त्याने हे काय आहे असे विचारले होते. त्याला सांगितले नाही. पन्नास रुपये दिले.'

नात दिवाळीच्या सुट्टीत आली आहे. यंदाही ती दगड चौरंगावर ठेवणार, हे उघड आहे. चिठ्ठी वाचून ती पुन्हा प्रश्न विचारील. या वेळी निरांजन लावायच्या आधी मी तिला सांगणार आहे.